पाकिटातलं मत

आमच्या ठेल्यावर निवडणुकीचा निकाल मतमोजणीच्या आधीच लागतो आणि दिवसातून चार वेळा बदलतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी, बसस्टँडला लागून माझा पानठेला आहे. नेरला आणि घाटंजीला जाणाऱ्या एसट्या माझ्यासमोरच वळतात. पान लावायचं, खर्रा घोटून द्यायचा आणि कानावर पडेल ते ऐकायचं, एवढाच माझा धंदा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून नीट घोटायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात समोरचं गिऱ्हाईक एक सरकार पाडतं, दुसरं बसवतं आणि वर चुना कमी पडला म्हणून कुरकुरतं.

“कोनतंबी बटन दाबा, मत जाते तिकडेच,” हे मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता ऐकलं की डोकं उठतं. मशीनमधलं मला काही कळत नाही. ती चांगली की वाईट, हे मी सांगू शकत नाही. पण माणसं कळतात. ज्याचा उमेदवार निवडून आला त्याची मशीन एकदम बरोबर असते, ज्याचा पडला त्याची बिघडलेली. पुढच्या निवडणुकीत हेच दोघं जागा बदलून उभे राहतात आणि एकमेकांची वाक्यं म्हणतात. असल्या लोकांचा राग पान थुंकलं की संपतो. न संपणारा राग मला आमच्या घरात बघायला मिळाला, म्हणून हे लिहायला बसलो.

आधी माझं सांगून टाकतो. मी मत टाकायला जात नसे. मतदानाच्या दिवशी बाहेरगावी कामाला गेलेली माणसं गावी येतात, बसस्टँडवर गर्दी असते, धंदा बरा होतो. ठेला बंद ठेवून रांगेत उभं राहायचं आणि ज्याला आपलं तोंड पुन्हा कधी आठवणार नाही त्याला निवडून द्यायचं, हे मला पटत नव्हतं. त्याची मला लाज नव्हती, आजही नाही. कोणी विचारलं तर तोंडावर सांगायचो, “कायले जाऊ बावा? नाली तं मलेच साफ करा लागते.” ठेल्यासमोरची नाली खरोखरच मीच साफ करतो.

माझी बायको नेमकी उलट. ती आमच्या वस्तीतल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. लग्न होऊन आल्यापासून तिनं एकही मतदान चुकवलेलं नाही. एकदा अंगात ताप होता, तरी गेली. बुद्धपौर्णिमेला नेसायची तिची एक पांढरी साडी आहे, ती वर्षातून मोजक्याच वेळा पेटीतून निघते. मतदानाच्या दिवशी हमखास निघते.

हे सगळं तिला तिच्या वडिलांकडून आलं. ते शेतमजूर होते. दिवसा दुसऱ्याच्या शेतात काम, आणि पीक भरात आलं की त्याच शेतात जागल, म्हणजे मचाणावर बसून रात्रभर रानडुकरं हाकलायची. मालकाच्या पिकाची राखण त्यांनी जन्मभर केली. पण मत टाकायला जाताना धुतलेले पांढरे कपडे घालून जायचे आणि पोरीला सोबत न्यायचे. सांगायचे, “मालकाचं एक अन् आपलंबी एकच. बाकी कोनत्याच गोष्टीत आपन त्याच्या बरोबरीचे नाही, यात हाओ.” हे ऐकून ती वाढली. मग माझ्यासारख्याशी तिचं दर निवडणुकीला भांडण होणारच.

मागची विधानसभा कापूस वेचणीच्या ऐन दिवसांत आली. वस्तीतल्या बाया उजाडायच्या आत गाडीत बसून शेतावर जातात, दिवस मोडला तर मजुरी जाते. मतदान वाढावं म्हणून शाळेच्या पोरांची फेरी काढली होती. पोरं ढोल वाजवत ठेल्यासमोरून गेली, हातात ‘प्रत्येक मत मोलाचे’ असे फलक, आणि मागून मास्तर बकऱ्या हाकाव्या तसे हाकत होते. मी हसलो. घरी जाऊन तिला नक्कल करून दाखवली. ती हसली नाही.

“या खेपेले तुमी आले नाही,” ती म्हणाली, “तं त्या दिवशी घरी सैपाक नाही. शाळेतल्या सायबायले वाढीन, तुमाले नाही.”

ती बोलली की करते. मी हो म्हटलं.

तिची शाळा हेच आमचं मतदान केंद्र. मशीन घेऊन आलेल्या मंडळींच्या चहापाण्याचं आणि जेवणाचं तिलाच सांगितलेलं असतं. त्या दिवशीही ती अंधारातच शाळेत गेली. आधी चहा, मग पोहे, मग पुन्हा चहा. मतदान सुरू झालं तेव्हा ती त्याच खोलीच्या बाहेर, नळाखाली कपबश्या विसळत होती. मनात आणलं असतं तर पहिलं मत तिचंच पडलं असतं. पण मळकी साडी आणि हाताला कांद्याचा वास, अशी ती मत टाकणार नव्हती. दुपारची जेवणं आटोपली, भांडी घासली, मग घरी आली, अंघोळ केली, पांढरी साडी नेसली आणि मला ठेल्यावरून उठवून घेऊन गेली.

माझं काम बिनबोभाट झालं. जो माणूस कित्येक वर्षं तिकडे फिरकलाच नाही त्याचं नाव लगेच सापडलं, शाई लागली, बटण दाबलं, पेटीच्या काचेत चिठ्ठी दिसली आणि खाली पडली. मी बाहेर येऊन दाराशी थांबलो. बायांच्या रांगेत तिचा नंबर आला होता.

टेबलावरच्या माणसानं यादीत बघितलं, परत बघितलं आणि म्हणाला, “मावशी, तुमचं मतदान झालेलं आहे.”

सकाळपासून तिच्या पोह्यांवरून त्यांची थट्टामस्करी चालली होती. तिला वाटलं ही पण थट्टाच.

“भुलले काय सायेब?” ती म्हणाली. “मी तं सकायपासून तुमालेच चहा पाजून राह्यलो. मत कवा टाकीन?”

आमच्याकडे बायाही ‘मी जातो, मी करतो’ असंच बोलतात. तो माणूस बाहेरच्या जिल्ह्यातला असावा, क्षणभर गोंधळला. मग त्यानं दुसरं रजिस्टर फिरवून तिच्यासमोर धरलं. तिच्या नावाच्या ओळीत अंगठा उठवलेला होता.

“आंगठा?” ती म्हणाली. तिचा आवाज मी इतक्या वर्षांत तसा ऐकला नव्हता. “मी सही करतो सायेब. शाळेत माह्या मानधनाच्या कागदावर बी सहीच हाय. मी आंगठा कायले देईन?”

मत गेलं हे तिला अजून नीट कळलंही नसेल, पण तो अंगठा तिला आधी लागला. सातवीपर्यंत शिकलेली बाई आहे ती. स्वतःचं नाव ती वळणदार अक्षरात, वेळ घेऊन लिहिते. त्या नावापुढे कोणाचा तरी काळा अंगठा बसला होता.

माझं डोकं फिरलं. मी दारातूनच आवाज चढवला. उमेदवारांची माणसं तिथंच बाकावर बसली होती. त्यांना तिथं बसवतात ते एकाच कामासाठी, की भलतं माणूस आलं तर हरकत घ्यावी. त्यातला एक आमच्याच गल्लीतला, याच शाळेत माझ्या बायकोच्या हातची खिचडी खाऊन मोठा झालेला. तो तिला ओळखत नाही असं होऊच शकत नाही. मग तिचं नाव घेऊन जी कोणी आली तिला यानं काय म्हणून ओळखलं? मी त्याला तसं विचारलं.

“गर्दी होती न काका सकायी,” तो खाली मान घालून म्हणाला.

पोलिसानं मला दंडाला धरून बाजूला घेतलं. केंद्राचे मुख्य साहेब बाहेर आले. सज्जन माणूस, मास्तरच असावेत कुठले तरी. त्यांनी मला शांत केलं. म्हणाले, “कायद्यात याची सोय आहे. ताईंना मत देता येईल.” त्यांनी तिला घरचे-दारचे प्रश्न विचारले, ओळखपत्र बघितलं, बोटाला शाई नाही हे बघितलं, एका कागदावर सही घेतली. सही करताना ती मुद्दाम त्या बाकाकडे बघत होती. मग त्यांनी तिच्या हातात एक मतपत्रिका ठेवली. कागदाची, मागे ‘प्रदत्त’ असं लिहिलेली. सोबत रबरी शिक्का. तिनं आडोशाला जाऊन जुन्या काळासारखा फुलीचा शिक्का मारला, घडी केली, साहेबांच्या हातात दिली आणि साहेबांनी ती तिच्यासमोर एका पाकिटात घातली.

ती बाहेर आली ती हसत. “मले कागद देला,” म्हणाली.

संध्याकाळी वेचणीवरून आलेल्या बाया घरी न जाता आमच्याच अंगणात जमल्या. कापसाच्या बोंडांनी ओरखडलेले हात कमरेवर ठेवून त्या ऐकत होत्या. सगळ्या गावाला मशीन आणि हिलाच कागद, हे काय आहे? बायकोनं दहा वेळा सांगितलं. “मशीनीत काय होते, कोन पायते? माहं मत पाकिटात हाय. सायबानं माह्यासमोर टाकलं. कागद तं बदलत नाही न?” एकदोघींच्या तोंडावर सरळ हेवा दिसत होता. चोरीचं कोणी बोललंच नाही. चोरी झाली म्हणून कागद मिळाला आणि कागद मिळाला म्हणून हिचं मत पक्कं झालं, असा सगळ्यांचा हिशेब.

ठेल्यावरही तेच. मशीनवर विश्वास नसलेली सगळी टोळी तिच्या बाजूनं. “गावात वहिनीचंच एक मत खरं,” असं ठरलं. एकानं मला विचारलं, आपल्याला कागद पाहिजे असेल तर काय करावं लागतं? म्हटलं, आधी तुहं मत कोनी तरी चोरलं पाह्यजे. सगळे हसले, मीही हसलो.

निकाल लागला, मिरवणुका निघाल्या, गुलाल धुऊन निघाला. एक मास्तर माझं नेहमीचं गिऱ्हाईक. निवडणुकीची ड्युटी दर वेळी त्याच्या गळ्यात पडते. एके दिवशी त्याचा खर्रा घोटता घोटता मी त्याला मोठ्या ऐटीत कागदाची गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा बदलला.

“काका,” तो म्हणाला, “थे पाकीट फोडत नाहीत.”

“म्हंजे?”

“मतमोजनीत थे धरतच नाहीत. बाजूले ठेवून देतात. कोनी हायकोर्टात गेलं अन् कोर्टानं म्हनलं, तरच फोडतात.”

“अन् त्या चोट्टीनं टाकलेलं?”

“थे मशीनमधी हाय न. थे मोजलं.”

मी त्याला परत विचारलं, त्यानं परत तेच सांगितलं. चोरानं टाकलेलं मत मोजलं जातं आणि मालकिणीनं टाकलेलं पाकिटात पडून राहतं. त्याच्या मते यात कोणाचा दोष नव्हता. एकदा मशीनमध्ये गेलेलं मत बाहेर काढता येत नाही, कोणाचं कोणतं ते कळत नाही, म्हणून असा नियम आहे. असेल. नियमाला काही तरी कारण असणारच. पण मग तो नियम त्या सज्जन साहेबांनी तिला तिथंच का नाही सांगितला? “ताईंना मत देता येईल” असं का म्हटलं? मत देता येत नव्हतं, कागदावर शिक्का मारता येत होता. माझ्या लहान नातवाला मी बंद पडलेला मोबाईल देतो, तो कानाला लावून बोलतो आणि खूश होतो. हा तसलाच प्रकार. फक्त इथं समोर माझी बायको होती आणि ती पांढरी साडी नेसून गेली होती.

त्या दिवशी मी ठेला लवकर बंद केला. ती दारात बसून तांदूळ निवडत होती. गोष्टी पोटात ठेवणं मला जमत नाही. मी उभ्या उभ्याच सांगितलं.

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, “मंग थो कागद मले कायले देला?”

“तू गप बसावं म्हनून,” मी म्हणालो.

“अन् मी गप बसलो,” ती म्हणाली. “गप बसलो असतो तं बरं होतं. मी तं लोकायले हसून हसून सांगत फिरलो.”

मी पुढे बरंच काही बोललो, शिव्याही दिल्या. तिनं सूप उचलून पुन्हा तांदूळ निवडायला घेतले, पण निवडलेले आणि न निवडलेले एकातच मिसळत होती.

आम्ही तहसील कचेरीत गेलो. मी एकटा गेलो असतो तर भांडून परत आलो असतो, म्हणून ती सोबत आली. टेबलामागच्या बाबूनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग जे म्हणाला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. “तुमच्या नावानं मतदान झालंय, टक्केवारीत तुम्ही आलात. शिवाय प्रदत्त मतही दिलंय. मग तक्रार नेमकी काय आहे?”

“माहं मत मोजा, एवढीच,” ती म्हणाली.

तो हसला. वाईट हसला असं म्हणणार नाही, लहान पोराला समजावताना हसतात तसा. “बाई, निकाल लागून गेला. आता एका मतानं काय होते?”

त्याच्या डोक्यामागे भिंतीवर तोच फलक लावलेला होता, पोरांच्या हातातला. तिनं त्या फलकाकडे बोट दाखवलं. “मंग पोराईले ढोल वाजवत काहून फिरवता?”

बाबूनं मागे वळून बघितलं आणि नागपूरला, हायकोर्टात जायचा सल्ला दिला. त्याची मुदत असते, तीही बहुतेक संपली असेल, असंही सांगितलं.

मी हे सगळं सांगतो तेव्हा ठेल्यावरची टोळी म्हणते, बघा, आम्ही सांगत नव्हतो? सगळं ठरलेलं असते. मला त्यांचाही राग येतो. ठरलेलं होतं की नाही, मला माहीत नाही. कोणी तरी ठरवून हिचं मत चोरलं असेल. किंवा सकाळच्या गर्दीत, उपाशीपोटी बसलेल्या कोण्या माणसानं शेजारच्या ओळीतल्या बाईचा अंगठा चुकून हिच्या ओळीत घेतला असेल. चूक असेल तर चूक झाली असं म्हणा. माफी मागा, चहा पाजा, काहीही करा. पण एकही माणूस असा भेटला नाही जो म्हणाला, “बाई, तुमचं मत गेलं.” प्रत्येक जण तिला पटवत होता की तिचं काही गेलंच नाही. निवडणुकीवरून माणसाचं मन उडायला मशीनची गरज नाही, असा एक बाबू पुरेसा आहे.

गल्लीतला तो बाकावरचा माणूस चार दिवसांनी खर्रा घ्यायला आला. मी त्याच्यासमोर दुसऱ्या तिघांना घोटून दिला आणि त्याला म्हटलं, “गर्दी हाय.” गर्दी नव्हती. त्याला समजलं. त्यानंतर तो पलीकडच्या ठेल्यावर जातो. माझं एक गिऱ्हाईक गेलं, जाऊ दे.

बायकोनं मात्र माझ्यापेक्षा अवघड काम केलं. ज्या ज्या बाईला तिनं कागदाची फुशारकी सांगितली होती, त्या त्या बाईच्या घरी ती गेली आणि सांगून आली, “माहं मत मोजलंच नाही.” मी म्हटलं, कशाला? झालं ते झालं, त्यांना खरं वाटतंय तर वाटू दे. म्हणाली, “उद्या त्या मशीन सोडून कागद मांगतीन. मंग त्याईचं बी पाकिटात जाईन.”

पण त्याचा परिणाम तिला नको होता तोच झाला. बाया म्हणाल्या, मंग जाच कायले? एवढं पक्कं मत हिचं, तेच मोजलं नाही, तर आपलं कोण मोजतं? मजुरी पाडायची, रांगेत उभं राहायचं आणि कोणी तरी आधीच अंगठा देऊन गेलेलं असायचं. मी वर्षानुवर्षं ठेल्यावर जे बोलत होतो तेच त्या बोलत होत्या आणि पहिल्यांदाच ते मला ऐकवत नव्हतं. माझ्या तोंडी ती मस्ती होती. त्यांच्या तोंडी तो निकाल होता आणि तो माझ्या बायकोच्या अंगणात लागला होता. ती त्यांच्याशी वाद घालत नव्हती. एवढंच म्हणाली, “मले इचार करू द्या.” त्या वर्षी बुद्धपौर्णिमेला तिनं ती पांढरी साडी नेसली नाही, दुसरी नेसली. मी विचारलं नाही.

मग नगरपरिषदेची निवडणूक आली, कित्येक वर्षं लांबलेली. यात तर चिठ्ठी दाखवणारी पेटीही नव्हती. नुसतं बटण. ठेल्यावरच्या टोळीला वर्षभराचं खाद्य मिळालं. शाळेतल्या मंडळींच्या चहापाण्याचं बायकोला पुन्हा सांगणं आलं. मला वाटलं ती तोंडावर नाही म्हणेल. ती हो म्हणाली.

आदल्या दिवशी ती घरोघरी गेली. काय बोलली ते मी ऐकलं, कारण मीही मागे होतो. मत टाका, हक्क आहे, असलं काही नाही. म्हणाली, “उद्या जागलीले चला. आपल्या बापायनं दुसऱ्याईच्या शेतात केली. आपन आपल्या नावाची करू. डुक्कर यायच्या आंधी आपन तिथं पाह्यजे.”

डिसेंबरची थंडी. अजून उजाडलं नव्हतं. शाळेच्या फाटकाशी बायांची रांग लागली होती, डोक्यावरून शाली, काहींच्या हातात कापूस वेचताना कमरेला बांधायची ओटी आणि डबा. रस्त्यावर मजुरांची गाडी उभी होती आणि गाडीवाला हॉर्न वाजवत होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. सगळ्यांच्या पुढे माझी बायको, पांढऱ्या साडीत. कमी नव्हत्या बाया. ज्यांनी येणार नाही म्हणून सांगितलं होतं त्याही होत्या. मी पुरुषांच्या रांगेत पहिला होतो. माझा निवडणुकीवर विश्वास बसला असं कोणी समजू नये. माझा राग आता घरी बसत नाही, एवढंच.

आतून एक साहेब हात चोळत बाहेर आले. “मावशी, चहाचं काय झालं?”

“चहा मंग,” ती म्हणाली. “पयले माहं मत.”

“अहो, अजून सुरू व्हायचं आहे. तोवर टाका की गॅसवर.”

“नाही.”

साहेबांनी रांगेकडे बघितलं. रांगेतल्या बाया साहेबांकडे बघत होत्या. ते आत गेले.

दार उघडलं. ती पहिली आत गेली. तिच्या ओळीत काही नव्हतं, कोरी होती. तिनं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट, आणि टेबलावरचा माणूस ती लिहून संपवेपर्यंत थांबला. बाकावर तोच गल्लीतला बसला होता. बटण दाबून परत येताना ती त्याच्यासमोर थांबली. “पाह्यून घे मले नीट,” ती म्हणाली. “आता माह्या नावानं दुसरी कोनी आली, तं थे मी नाही.” त्यानं मान हलवली. मग ती मागच्या खोलीत गेली आणि गॅसवर चहा ठेवला.

बाहेर पेपरवाला आला होता, मोबाईल उंच धरून रांगेचे फोटो काढत होता. तो कधीकधी माझ्या ठेल्यावर येतो. दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. रांगेत सगळ्यांत पुढे माझी बायको, थंडीनं खांदे आवळलेली. मी पेपर घरी नेला आणि फोटोखालची ओळ तिला वाचून दाखवली: ‘कडाक्याच्या थंडीतही पहाटेपासून महिलांमध्ये मतदानाचा उत्साह.’

तिनं पेपर हातात घेतला, फोटो बघितला, ओळ स्वतः परत वाचली.

“उत्साह?” ती म्हणाली. “थो पोरगा ठेल्यावर येते न तुमच्या? त्याले सांगा, जागल होती म्हना.”

तो आला तेव्हा मी सांगितलं. तिचेच शब्द सांगितले आणि ती तिथं का उभी होती तेही सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, खर्रा खिशात टाकला.

“काका,” म्हणाला, “जागल छापता येत नाही. उत्साहच छापा लागते.”